अक्कांचं सत्तरावं मिनिट

फुटबॉल या खेळातलं सगळं काही कळणारा माणूस जगात एकच आहे आणि तो हलसूरच्या एका गल्लीत, वॉयलच्या साडीखाली पांढरे कॅनव्हासचे बूट घालून राहतो, हे मला वयाच्या सव्विसाव्या वर्षी कळलं. हा माणूस म्हणजे माझ्या घरमालकीणबाई. सगळी गल्ली त्यांना अक्का म्हणे, म्हणून मीही म्हणू लागलो. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी मिरजेहून बंगलोरला आलो, बोम्मसंद्र्याच्या एका कारखान्यात नोकरीला लागलो आणि खोली शोधत त्यांच्या दारात उभा राहिलो. त्यांच्या घराण्यातला कुणी पूर्वज दोनशे वर्षांपूर्वी घोड्यावरून इकडे आला आणि परत जायचं विसरला, अशी त्यांच्याकडची कथा होती. त्यामुळे घरात मराठी होतं, पण त्यात कानडी इतकं मुरलेलं की पहिले दोन महिने मला निम्मं बोलणं अंदाजानंच समजून घ्यावं लागलं. अंडी खाता का, पाहुणे किती येतात, असलं काही न विचारता त्यांनी एकदम विचारलं, "मागं किती ठेवावेत? चार का पाच?" मला वाटलं, मागच्या खोलीतल्या गाद्यांबद्दल विचारतायत. म्हटलं, "चार पुरेत." अक्का आत वळून यजमानांना म्हणाल्या, "अहो, पोराला अक्कल आहे. किल्ली द्या त्याला." बचावफळीत चार खेळाडू ठेवावेत, या मताचा मी आहे म्हणून मला ती गच्चीवरची खोली मिळाली, हे मला महिनाभरानं उमगलं. तोवर मी त्या मताशी बांधला गेलो होतो.

अक्कांनी सव्वीस वर्षं एका सरकारी कारखान्याच्या टेलिफोन एक्स्चेंजवर काम केलं होतं. निवृत्त होताना त्यांनी खुर्ची सोडली, हेडफोन सोडला, पण आवाज बरोबर घेऊन आल्या. तो आवाज स्वयंपाकघरातून निघाला की कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला "आले, आले" म्हणून उठायचा. कारखान्याचा फुटबॉल संघ शहराच्या लीगमध्ये वरच्या गटात खेळायचा आणि त्या संघाचा एकही सामना अक्कांनी चुकवला नव्हता. सख्ख्या पुतणीच्या लग्नात त्या मंगलाष्टकं झाली तशा निघाल्या आणि मध्यंतरापर्यंत स्टेडियमवर हजर झाल्या. फुटबॉलविषयीचं त्यांचं सगळं ज्ञान एक्स्चेंजमधून आलेलं होतं. "मधला गडी म्हणजे एक्स्चेंज," त्या मला सांगायच्या. "मागून कॉल आला की पुढं जोडायचा. आपला तो हाफ काय करतो? कॉल घेतो आणि स्वतःच बोलत बसतो!" त्यांचे यजमान, म्हणजे अण्णा, क्रिकेटचे शौकीन. पण त्या घरात क्रिकेट म्हणजे अभक्ष्यभक्षण. ते बिचारे ट्रान्झिस्टर टॉवेलात गुंडाळून मोरीत नेत आणि नळ सोडून कॉमेंट्री ऐकत. कसोटी सामना असला की आमच्याकडे पाचही दिवस पाण्याची टंचाई व्हायची.

रविवारी सकाळी अक्का मला खाली इडल्या खायला बोलवत. बोलावणं प्रेमाचं असे, पण इडल्या खायला मिळतीलच याची खात्री नसे. ताटात चार इडल्या मागं, चार मध्ये आणि दोन पुढं मांडून आदल्या सामन्यात काय चुकलं हे त्या दाखवत. चटणीची वाटी म्हणजे गोल, तिच्यापुढची एकटी इडली म्हणजे गोलकीपर. मी भुकेनं एक उचलली की हातावर चापट बसे. "तो स्टॉपर आहे! त्याला आत्ताच खाल्लास तर गोल नाही का होणार?" एकदा मी नकळत उजव्या बाजूचा बॅक खाऊन टाकला, तेव्हा त्यांनी दुसरी इडली न वाढता नऊ जणांवर सामना पुढं चालवला, कारण पंचानं एकाला आधीच बाहेर काढलं होतं.

पण अक्कांचा खरा जीव अडकला होता तो संघाच्या कोचमध्ये. हे कोच म्हणजे कारखान्याचेच जुने खेळाडू, शांत, ठेंगणे, डोक्यावर निळी टोपी. अक्का त्यांना 'सर' म्हणत आणि बरोबर त्यांच्या बाकामागच्या दुसऱ्या पायरीवर बसत. मांडीवर छत्री, शेजारी कोडबळ्यांचा, म्हणजे तिकडच्या कडबोळ्यांचा, डबा. सामना सुरू झाला की अक्कांचं सुरू व्हायचं. "ओ सर, डावीकडं कुणीच नाही! रजेवर पाठवलंत का त्याला?" "सर, स्वल्प उठून बघा की, बाक कुणी पळवून नेत नाही!" त्यांची सर्वांत जुनी तक्रार सत्तराव्या मिनिटाची होती. सर दर सामन्यात बरोबर सत्तराव्या मिनिटाला सेंटर फॉरवर्डला बाहेर बोलवत आणि त्याच्या जागी दुसरा पाठवत. अक्का हातावरचं घड्याळ बघत बसलेल्या असत आणि सत्तरावं मिनिट लागलं रे लागलं की उभ्या राहत. "सर! सत्तर झाले! आता त्याला काढायचं नाही, सांगून ठेवते!" सर लगेच उठत आणि त्याला काढत. सहा वर्षं हे चाललं होतं. सहा वर्षांत सरांनी एकदाही मागं वळून पाहिलं नाही. फक्त त्यांचे कान लाल व्हायचे.

सरांच्या खालोखाल अक्कांचा राग इंग्रजी पेपरातल्या वार्ताहरावर. क्रिकेटला पान, बुद्धिबळाला पाव पान आणि लीगच्या सामन्याला तळाशी दोन बोटं जागा. अक्का ती खरोखर बोटांनी मोजत. 'सामना रंगतदार झाला' असं छापून आलं की त्या लाल पेन्सिल काढत. "रंगतदार? एक गोल नाही, दोघांचे पाय मुरगळले आणि गोलकीपरला जांभया! हा माणूस मैदानावर येतच नाही, बघ." मग कात्रण कागदाला चिकटवून, खाली 'काइंडली नोट' असं लिहून दोन पानं खरा सामना लिहायचा आणि सोमवारी सकाळी पोस्टात टाकायचा, हा त्यांचा नेम होता. उत्तर कधी आलं नाही. अक्कांनी अपेक्षाही ठेवली नव्हती.

मग तो वाईट मोसम आला. संघ ओळीनं पाच सामने हरला. आता शेवटचा सामना उरला आणि तो हरला तर खालच्या गटात जाणार, अशी वेळ आली. त्या आठवड्यात अक्का सकाळी सकाळी पेपर फडकवत गच्चीवर आल्या. "बघ! बघ! अर्धं पान!" खरंच अर्धं पान होतं. त्यांनी तिथंच उभ्यानं मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. या कोचला आता बदलायला हवं, असा एकंदर सूर होता. 'या संघाची मधली फळी म्हणजे संपावर गेलेलं टेलिफोन एक्स्चेंज आहे,' हे वाक्य अक्कांनी मोठ्या झोकात वाचलं आणि त्या थांबल्या. पुन्हा वाचलं, या वेळी हळू. मग माझ्या कॉटवर बसल्या. "हे वाक्य माझं आहे," त्या म्हणाल्या.

कारखान्याचे मोठे साहेब खेळाचं पान एरवी कधी उघडत नसत. पण कारखान्याचं नाव अर्धं पान भरून आलं, तेव्हा त्यांना ते उघडावं लागलं. दोनच दिवसांत एक्स्चेंजमधल्या जुन्या मैत्रिणीचा अक्कांना फोन आला. शेवटचा सामना झाला की सरांची कोच म्हणून सुट्टी आणि सोमवारपासून स्टोअर्समध्ये रुजू व्हायचं, असा हुकूम निघाला होता. त्या दिवशी अक्का जेवल्या नाहीत. अण्णांनी ताट झाकून ठेवलं आणि घाबरून क्रिकेटही ऐकलं नाही. "मी त्याला फॉरवर्ड बदलू नको म्हटलं," अक्का मला म्हणाल्या, "त्यालाच बदला असं मी कधी म्हटलं? सहा वर्षं शिव्या दिल्या त्या काय परक्या माणसाला दिल्या?" मग डोळे पुसून उठल्या. "चल. ऑटो बोलाव. त्या पेपरवाल्याला बघायचंय मला."

पेपरवाला दिसला तो असा: पन्नाशीचा, काटकुळा, गळ्यात मफलर आणि दोन्ही कानांना दोन फोन. अक्कांनी नाव सांगितलं मात्र, तो ताडकन उभाच राहिला. "मॅडम! लाल पेन्सिल!" त्यानं ड्रॉवर उघडून अक्कांची सगळी पत्रं बाहेर काढली, फितीनं बांधलेली. "हॉकी मी, कॅरम मी, घोडे मी, पोहणं मी," तो म्हणाला. "मैदानावर जायचं कधी? तुमची पत्रं येतात म्हणून निभतं. आधीच्या सामन्याबद्दल तुम्ही काय लिहिलंय ते बघतो आणि पुढच्या सामन्याला तेच वापरतो." अक्कांनी फीत सोडून वरचं पत्र हातात घेतलं. म्हणजे गेली कित्येक वर्षं त्या लाल पेन्सिलीनं स्वतःचीच मतं खोडत होत्या. भांडायला आणलेलं सगळं अवसान गेलं. शेवटी त्यांनी तिथंच बसून सरांच्या बाजूनं तीन पानी पत्र लिहिलं आणि वार्ताहरानं छातीवर हात ठेवून ते छापायचं कबूल केलं.

त्यानं शब्द पाळला. पत्र सामन्याच्या आदल्या दिवशी छापून आलं. पण ऐनवेळी पानावर प्रेशर कुकरची जाहिरात आली, त्यामुळे तीन पानांतलं पहिलं वाक्य तेवढं राहिलं. 'या कोचनी सहा वर्षांत पुष्कळ चुका केल्या,' आणि खाली अक्कांचं पूर्ण नाव. पुढचा 'तरीसुद्धा' कुकरखाली गेला.

शेवटच्या सामन्याला अक्का येणार नाहीत असं मला वाटलं होतं. पण आल्या, नेहमीच्या पायरीवर बसल्या आणि रुमाल तोंडावर धरला तो धरलाच. "आज एक शब्द बोलणार नाही," त्या मला म्हणाल्या. "त्याचा शेवटचा सामना आहे. त्याला हवं ते करू दे." स्टेडियमला हे सहन होईना. शेंगदाणेवाला दोनदा येऊन "अक्कांना बरं नाही का?" असं मलाच विचारून गेला. आमच्यावर एक गोल झाला, तरी अक्का गप्प. पंचाची धडधडीत चूक झाली, अक्का गप्प. सर बाकावर अस्वस्थपणे इकडून तिकडं सरकत होते. सत्तरावं मिनिट आलं. अक्कांनी घड्याळाकडं पाहिलं, डोळे मिटले. सर उठले नाहीत. एकाहत्तर, बाहत्तर झाली, सर बसूनच. तिकडं आमचा सेंटर फॉरवर्ड मात्र सहा वर्षांच्या सवयीनं आपला कडेला चालत निघाला होता. आता बाहेर जायचंच म्हणून त्यानं मोजेही खाली केले होते. त्याला तसा निघालेला बघून समोरच्यांनी त्याच्यावर नजर ठेवायचं सोडून दिलं. कुणी बोलवत का नाही म्हणून तो रेषेपाशी घुटमळत असताना कुठूनसा चेंडू नेमका त्याच्या पायात आला. समोर कोणीच नव्हतं. तो खाली आलेल्या मोज्यांनिशी धावत सुटला आणि गोल झाला. एक-एक बरोबरी. एवढ्यावर संघ वरच्या गटात राहिला.

शिट्टी वाजली आणि सर पहिल्यांदाच मागं वळले. "काय अक्का," ते कानडीत म्हणाले, "आज वेळ का नाही सांगितली?"

"कसली वेळ?"

सरांनी मोकळं मनगट वर केलं. "घड्याळ बांधलं की मला पुरळ उठतं. तुम्ही 'सत्तर झाले' म्हणून ओरडलात की मी उठतो. आज मला वाटलं, पंचावन्न-साठ झाली असतील."

अक्कांना हसावं की रडावं कळेना. कशाबशा म्हणाल्या, "सर, ते पेपरात आलंय ना..."

"वाचलं की. ते एक्स्चेंजचं वाक्य फार चांगलं होतं," सर म्हणाले. "तुमचंच, हे लगेच ओळखलं. सहा वर्षं ऐकतोय." आणि कोडबळं घ्यायला हात पुढं केला. अक्कांनी अख्खा डबाच त्यांच्या हातात दिला आणि छत्री उघडून तिच्याआड तोंड लपवलं. ऊन नव्हतं, पाऊसही नव्हता.

हुकूम काही फिरला नाही. सर सोमवारी स्टोअर्समध्ये रुजू झाले. नव्या मोसमात बाहेरून नवा कोच आला, ट्रॅकसूट घातलेला, शिट्टीवाला. पहिल्या सामन्याला मी आणि अक्का जागेवर बसलो, तर चार पायऱ्या वर, खांबाआड, सर एकटेच बसलेले दिसले. टोपी नव्हती, म्हणून मला पटकन ओळखू आले नाहीत. अक्कांनी ओळखलं. त्यांनी पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि शेजारची जागा हातानं झाडली. सर संकोचत खाली आले आणि बसले. सामना सुरू झाला. सर पुढं वाकून, डोळ्यांवर हात धरून मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बघत होते. मध्यंतराची शिट्टी झाली तेव्हा हळूच म्हणाले, "अक्का, डावीकडं खरंच कुणी नसतं हो. इथून सगळं दिसतं."

अक्कांनी कोडबळ्यांचा डबा उघडून त्यांच्यापुढं धरला.

"सरी, बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "पण सर, तिथं खाली बसल्यावर दिसत नाही, हे मला तरी कुठं माहीत होतं?"