आतोबांनी लावलेलं शिशाचं सील

आमच्या आतोबांच्या मते या जगात यंत्रांच्या दोनच जाती होत्या. एक एस.टी., आणि दुसरी म्हणजे एस.टी.पासून काहीही न शिकलेली बाकीची सगळी. शिवणयंत्र, मिक्सर, भिंतीवरचं घड्याळ, आत्याचं ब्लडप्रेशर, या सगळ्यांचा इलाज त्यांच्याकडे एकच होता, आणि तो डेपोतून आलेला होता. आतोबा म्हणजे माझ्या सख्ख्या आत्याचे यजमान. एस.टी.च्या डेपोत बत्तीस वर्षं मेकॅनिक होते. निवृत्तीच्या दिवशी हार-तुरे घेऊन घरी आले, नारळ आत्याच्या हातात दिला आणि तसेच खाली बसून शेगडीचा बर्नर खोलायला लागले. शेगडी चांगली चालली होती हो! पण 'चालतीय तवाच बघायचं असतं, बंद पडल्यावर कुनीबी बघतंय' हे त्यांचं ब्रह्मवाक्य.

कुठल्याही यंत्राला हात लावायच्या आधी ते त्याला प्रदक्षिणा घालत आणि बुटाच्या टोकानं खालच्या बाजूला हलकेच एक ठोकर देत. टायरमधली हवा बघायची सवय, दुसरं काय! आमच्या फ्रिजला त्यांनी अशी इतक्यांदा ठोकर दिली होती की डाव्या पायाशी रंगच उडाला होता. मग लांब पेचकस काढायचा, त्याचं पातं यंत्राला टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. त्या वेळी घरात कुणी बोललेलं त्यांना खपत नसे. आणि हो, तक्रारवही. डेपोत ड्रायव्हर गाडीची तक्रार वहीत लिहितात तशी एक वही आत्याच्या स्वयंपाकघरात खिळ्याला सुतळीनं टांगलेली असायची. तक्रार, तारीख, कारण, आणि सहीच्या जागी नुसतं एक अक्षर. कारणाच्या रकान्यात वर्षानुवर्षं एकच मजकूर: 'चूक चालकाची.' शेंगदाण्याची चटणी वाटताना मिक्सर जळला, चूक चालकाची. इस्त्रीनं सदरा करपला, चूक चालकाची. या घराची चालक आत्याच असल्यामुळे ती दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही. तर या गृहस्थांनी वहीत लिहून ठेवलं: 'आवाज पूर्ण बंद. कारण समजत नाही.' मी स्वतः वाचलंय.

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे माझा कॉम्प्युटर. विंडोज पंचाण्णव शेवगावपर्यंत पोचलं त्या सुमाराची गोष्ट. बाजारपेठेत वडिलांचं भुसाराचं दुकान होतं, त्याच्या माळ्यावर मी कॉम्प्युटर क्लास काढला होता. विद्यार्थी अकरा आणि कॉम्प्युटर एक, तोही जुना फोर-एट्टी-सिक्स, दुसऱ्याचा वापरून झालेला. क्लासला मान्यता मिळाली तर पोरांना प्रमाणपत्र देता येणार होतं, आणि मान्यतेसाठी नगरहून साहेब येऊन स्वतःच्या डोळ्यांनी नवीन विंडोज चालताना बघणार होते. आमच्या मशीनवर ते सुरू होईपर्यंत खाली दुकानात ज्वारीचं एक पोतं निवडून होई. वडिलांनी मला स्पष्ट सांगितलं होतं: मान्यता आली तर क्लास तुझा, नाहीतर दिवाळीनंतर माळा रिकामा करायचा आणि राहुरीच्या स्थळाला होकार द्यायचा. राहुरीचा मुलगा वाईट नव्हता, उगाच खोटं कशाला बोलू? पण त्याच्या आईनं बघायच्या कार्यक्रमातच विचारलं होतं की हे बटणं दाबायचं खूळ लग्नानंतर जाईल ना. मला तो क्लास हवा होता. जिवापाड हवा होता.

नवीन मशीन घेणं तर शक्यच नव्हतं. आतोबांच्या कानावर हे गेलं तसे ते माळ्यावर आले, कॉम्प्युटरच्या टेबलाला ठोकर दिली, पेचकस कानाला लावला आणि बराच वेळ ऐकून म्हणाले, "चेसिस चांगली हाय. इंजिन तेवढं दमलंय." दुसऱ्याच दिवशी नगरला जाऊन त्यांनी चार दुकानं पालथी घातली आणि शोध लावला की याच मदरबोर्डावर, याच खाचेत बसणारा, दुसऱ्या कंपनीचा चौपट वेगाचा प्रोसेसर मिळतो. तो त्यांनी आत्याच्या पोळ्यांच्या डब्यात, पोळ्यांच्याच फडक्यात गुंडाळून आणला. नगर ते शेवगाव डबा मांडीवरून खाली ठेवला नाही. शेजारच्या बाईंनी वास घेत विचारलं, काय आहे हो डब्यात? तर म्हणे, "इंजिन."

बसवायच्या दिवशी त्यांनी सगळ्या पोरांना खुर्च्यांवरून उठवलं, प्रवासी खाली उतरल्याशिवाय काम होत नाही म्हणून. बोर्डासोबतची इंग्रजी पुस्तिका मी तीनदा मोठ्यानं वाचून अर्थ सांगितला आणि त्यांनी बोर्डाचं चित्र कॅलेंडरच्या पाठीवर काढून घेतलं. जुन्या प्रोसेसरला पाच व्होल्ट लागत, नव्याला साडेतीनच्याही आत. तसा बोर्डावरचा जंपर, म्हणजे व्होल्ट ठरवणारी इवलीशी टोपी, त्यांनी चिमट्यानं हलवला. खाचेची दांडी उचलली, जुना काढला, नवा कोपऱ्याला कोपरा जुळवून असा अलगद ठेवला की पाळण्यात बाळ ठेवावं. वर पंखा बसवला, त्याला ते रेडिएटर म्हणायचे. बटण दाबल्यावर पडद्यावर अक्षरं उमटली आणि पोरांनी टाळ्या वाजवल्या. मी चहा करायला खाली गेले. परत येते तर मशीनचं झाकण बंद, मागच्या स्क्रूंना तार गुंडाळलेली आणि तारेला डेपोसारखं शिशाचं सील ठोकलेलं. मला हसू आलं. म्हटलं, असू दे, म्हाताऱ्याची हौस.

हसू फार टिकलं नाही. मशीन पूर्वीइतकंच रडत चालायला लागलं, खरं सांगायचं तर कणभर जास्तच. मशीनचा वेग वाढवणारं पुढचं टर्बोचं बटण दाबून दाबून माझं बोट दुखलं, काही फरक नाही. दुकानदारानं आतोबांना फसवलं असणार, अशी माझी खात्री झाली. पण हे त्यांना सांगायचं कुठल्या तोंडानं? ते रोज संध्याकाळी यायचे, पेचकस लावून ऐकायचे आणि समाधानानं मान हलवायचे. मी त्यांना चहा करून द्यायची.

आणि साहेब आले. वडील दुकान सोडून वर आले, दाराशी उभे राहिले. आतोबा कोपऱ्यातल्या स्टुलावर. साहेबांनी विंडोज सुरू करायला सांगितलं. पडद्यावर वाळूचं घड्याळ आलं आणि तिथंच बसलं. साहेबांचा चहा संपला, पंचायतीच्या गप्पा संपल्या, घड्याळ आपलं तिथंच. वडील खाली मान घालून उभे होते. शेवटी साहेबांनी फाईल मिटली आणि विचारलं की बाई, तुमच्याकडे कॉम्प्युटर शिकवतात की सहनशक्ती?

"साहेब, रनिंग-इनला हाय," आतोबा शांतपणे म्हणाले. "दिवाळीनंतर बघा, सुसाट जातंय."

मी वळून बघतच राहिले. मग हळूहळू उजेड पडला. नवं इंजिन बसवलेली गाडी सुरुवातीला पळवायची नसते, नाहीतर आतले भाग घासून खराब होतात. म्हणून डिझेलच्या पंपाला सील लावून वेग बांधून ठेवायचा. आतोबांनी बत्तीस वर्षं पाळलेला नियम माझ्या प्रोसेसरलाही लावला होता. टर्बोची वायर काढून ठेवली होती आणि वर सील! मला सांगायचं त्यांच्या मनातही आलं नव्हतं. सूर्य पूर्वेला उगवतो हे कुणी सांगतं का?

"आतोबा," मी म्हटलं, "यात पिस्टन नाही हो. यात घासायला काहीच नाही."

आतोबांनी माझ्याकडे पाहिलं, दाराशी उभ्या वडिलांकडे पाहिलं, मग त्या सीलकडे. मुदत भरायच्या आधी सील तोडणाऱ्या ड्रायव्हरांवर त्यांनी रिपोर्ट केलेले होते. एका साहेबाच्या तोंडावर, 'सील तुटनार न्हाई, माझी बदली करा' असं सांगितलेलं होतं. तो माणूस उठला, खिशातून पक्कड काढली आणि कट्कन तार तोडली. मशीन बंद केलं, वायर जागेवर लावली, पुन्हा चालू केलं. "दाब आता," एवढंच म्हणाले.

साहेबांनी नवा चहा उचलून ओठाला लावायच्या आत विंडोज उघडलं होतं. मान्यता मिळाली. जाताना साहेबांनी आतोबांना बाजूला घेऊन विचारलं की आमच्या ऑफिसातलं मशीनही असंच जुनं आहे, बघाल का? आतोबा म्हणाले, आधी तक्रारवही दाखवा. राहुरीला वडिलांनी स्वतःच पत्र टाकलं. लग्न मी पुढे केलं, माझ्या मनानं, आणि सासूबाई माझ्याच क्लासात टायपिंग शिकल्या.

ते मशीन केव्हाच भंगारात गेलं. आता आतोबाही नाहीत. आजही क्लासात नवीन मशीन आलं की पहिले चार दिवस मी ते जरा हळूच हाताळते. पोरं हसतात, मी हसू देते. आतोबांच्या तेराव्याला आत्यानं खिळ्यावरची वही काढून माझ्या हातात ठेवली. पानापानावर चूक चालकाची, चूक चालकाची. त्या दिवसाचं पान मी शोधून काढलं. लिहिलं होतं: 'मशीन भाचीचं. सील मुदतीआधी तोडलं. चूक मेकॅनिकची.' आणि खाली, इतर पानांवर नसलेली, पूर्ण नावानिशी सही.