हिरव्या दिव्याची वाट

बाबांच्या खोकल्याचं खापर मी बायकोच्या फोडणीवर फोडलं, तेही डॉक्टरांसमोर. "घरात धूर वगैरे होतो का?" असं त्यांनी विचारलं आणि मी लगेच म्हणालो, "हिची फोडणी जरा कडक असते." त्या दिवसापासून आमच्या बोरिवलीच्या घरात बिनफोडणीची आमटी सुरू झाली.

खोकला काही थांबेना. रोज सकाळी आठच्या सुमारास बाबा पलंगावर उठून बसायचे आणि छाती धरून खोकायचे. तरुणपणी त्यांनी कापड मिलमध्ये साच्यावर, म्हणजे मागावर, काम केलेलं. "मिलीतलो कापूस तो. आता भायर येता हा," असं म्हणून हसायचे. मला हसू यायचं नाही. डॉक्टरांनी एक्स-रे काढायला सांगितलं होतं आणि मी आज-उद्या करत होतो. खरं सांगायचं तर त्यात काय दिसेल याची भीती वाटत होती.

बाकी त्या दिवसांत माझी ऐट विचारू नका. जुन्या गाडीला मी सीएनजीचं किट बसवून घेतलं होतं आणि आपण हवा कशी स्वच्छ ठेवतो, हे सोसायटीत ज्याला त्याला ऐकवत होतो. ही गाडी सुरू होते पेट्रोलवर. इंजिन तापलं की आपोआप गॅसवर जाते आणि स्टिअरिंगजवळ बारीक हिरवा दिवा लागतो. तो लागल्याशिवाय मी गेटबाहेर पडायचो नाही. रस्त्यावर पेट्रोलचा एक थेंब जाळायचा नाही, हा माझा नेम. तोवर गाडी जागेवरच घुरघुरतेय आणि मी आत बसून पेपर वाचतोय.

गॅस असूनही पेट्रोल लवकर संपतं, म्हणून एका रविवारी गोरेगावच्या मेकॅनिककडे गेलो. माझा नेम त्याने शांतपणे ऐकून घेतला.

"काका, थंड इंजिनात पेट्रोल धड जळत नाही. धूर साफ करायला पाइपात जाळी असते ना, ती पण तापल्याशिवाय काम करत नाही. म्हणजे सगळ्यात घाण धूर तुम्ही उभ्या गाडीतून काढताय."

"मग करायचं काय?"

"सुरू केली की हळूहळू निघायचं. चालती गाडी लवकर तापते."

"पण दिवा?"

"दिवा लागेल रस्त्यात. त्याला काय ओवाळायचंय?" मग हात पुसत त्याने विचारलं, "उभी कशी करता? भिंतीकडे तोंड, की ढुंगण?"

आमचं घर तळमजल्यावर. सकाळी निघायला सोपं म्हणून मी गाडी रिव्हर्सने लावतो. सायलेन्सरपासून दोन हातांवर बाबांची खिडकी. आणि माझी निघायची वेळ आठची.

घरी कोणाला काही सांगितलं नाही. गाडीचं तोंड भिंतीकडे केलं, सकाळी चावी फिरवून लगेच निघू लागलो. सात-आठ दिवसांनी बाबांची सकाळ खोकल्याशिवाय गेली. तेव्हा कुठे एक्स-रे काढायचा धीर आला. डॉक्टरांनी तो उजेडात धरला. "छाती स्वच्छ आहे. धुराचाच त्रास होता. फोडणी बंद केलीत, बरं झालं," ते म्हणाले. बाबा पुटपुटले, "मगे कापूस खंय गेलो?"

घरी आल्यावर स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून मी बायकोला सगळं सांगितलं, खिडकीसकट. तिने ऐकून घेतलं, कढई चढवली, तेल तापू दिलं आणि कितीतरी दिवसांनी त्यात मोहरी टाकली. काय घमघमाट सुटला. जेवायला किती वेळ आहे, असं मी हळूच विचारलं.

"बसा गाडीत जाऊन," ती म्हणाली. "हिरवा दिवा लागला की हाक मारते."