नारळ आणि लाल नळी

या गोष्टीचा राग अजून उतरलेला नाही. उतरायची वाट बघत बसले तर लिहून व्हायचं नाही, म्हणून रागातच लिहिते.

काल्हेरच्या एका गोदामात आलेला माल तपासून घ्यायचं माझं काम. टीव्ही, फ्रिज, कपडे धुण्याची मशिनं, दिवसभर हेच. ती पेटी मात्र वेगळी होती. चार-पाच देश मिळून अंतराळात एक नवं स्थानक बांधणार आहेत. प्रत्येक देशाची खोली वेगळी, आणि त्या खोल्या एकमेकींना ज्या कड्याने जोडायच्या, त्या कड्याचा नमुना बंदरावरून आमच्याकडे आला होता. दोन दिवस आमच्याकडे थांबून तो दक्षिणेत चाचणीला जाणार होता. कागदांवर तीन देशांचे शिक्के होते. मी ते कागद उगाचच दोनदा वाचले.

पेटीच्या एका कोपऱ्याजवळ धक्क्याचं लेबल होतं. म्हणजे बोटाएवढी काचेची नळी, आत पांढरी. पेटीला जोराचा दणका बसला की ती लाल होते आणि पुन्हा कधी पांढरी होत नाही. उतरवून घेतल्याबरोबर मी तिचा फोटो काढला. पांढरी होती.

मग काका आले. गोदामाखालची जमीन शेजारच्या अंजूर गावातल्या या काकांची. पूर्वी तिथे त्यांचं भात असायचं. कुठलंही मोठं मशीन पहिल्यांदा आलं की ते स्वतः नारळ घेऊन येतात. "आपल्या जाग्यावं आलेला माल मोकल्या हातानी कसा धाडाचा?" म्हणतात. माणूस मनाने चांगला. त्यांनी पेटीला हळद-कुंकू लावलं, नमस्कार केला आणि नारळ उचलला. पेटीच्या लोखंडी कोपऱ्यावर फोडायला, नळीपासून वीतभर अंतरावर.

मला कळत होतं. मॅनेजर अजून आला नव्हता, या दणक्याने नळी लाल होईल हे तिथे मला एकटीलाच कळत होतं. आणि मी गप्प राहिले.

का, तेही सांगते. आम्ही बौद्ध. आमच्या घरी नारळ फोडत नाहीत. आदल्या दसऱ्याला मी एवढंच म्हटलं होतं, की नारळ जरा बाजूला फोडा, पाणी खोक्यांवर उडतंय. त्यावर आमचा मॅनेजर सगळ्यांसमोर म्हणाला, "तुमच्यात नसतं, म्हणून आमचंपण बंद करायचं का?" सगळे हसले. खोकी भिजली ती भिजलीच. ते हसू मी घरी घेऊन गेले आणि ठरवलं, यापुढे या बाबतीत तोंड उघडायचं नाही.

नारळ फुटला. नळी लाल झाली.

मॅनेजर आला, नळी बघून शांतपणे म्हणाला, "ड्रॉवरमधला रोल काढ."

ड्रॉवरमध्ये कोऱ्या लेबलांचा रोल असतो. टीव्हीच्या खोक्यावरची नळी लाल झाली की जुनी सोलायची, नवी चिकटवायची. सगळीकडे चालतं असं म्हणतात. मीही किती चिकटवली असतील. तेव्हा मला काही वाटलं नव्हतं, याचाही मला राग येतो. पण या नमुन्यावरून बनणाऱ्या कड्याच्या दोन्ही बाजूंना उद्या माणसं श्वास घेणार होती. वेगवेगळ्या भाषा बोलणारी, एकमेकांच्या कागदांवर विश्वास ठेवून वर गेलेली. मी म्हटलं, "नाही काढणार."

"मग नोकरी कर दुसरीकडे," तो म्हणाला.

मी फोटोसकट सगळं लिहून कागदांवरच्या सगळ्या पत्त्यांवर पाठवून दिलं. घरात माझाच पगार येतो.

दुसऱ्या दिवशी व्हिडिओ कॉल झाला. पडद्यावर सहा चौकोन, तीन देशांची माणसं. कोणी ओरडलं नाही. एका बाईंनी विचारलं, नारळ केवढा असतो, हात किती वर नेला होता. मग तशाच एका रिकाम्या पेटीवर दणका मोजायचं यंत्र लावून तसाच नारळ पुन्हा फोडायला सांगितलं. काकांनी तो पहिल्याइतक्याच भक्तिभावाने फोडला. आकडे गेले. खऱ्या पेटीच्या आतही एक नोंदयंत्र होतं, हे आम्हाला तेव्हा कळलं. दणका त्यात नोंदला गेला होता, पण कड्यापर्यंत तो पोचलाच नव्हता. आणि नळी बदलली असती, तर त्या आतल्या नोंदीने आम्हाला खोटं पाडलं असतं.

शेवटी त्या बाईंनी विचारलं, "धोका कळत असलेलं कोणी तिथे होतं का? असेल तर थांबवलं का नाही?"

मॅनेजर झटकन म्हणाला, "आमच्या तपासणीवाल्या मॅडम तेव्हा जागेवर नव्हत्या."

"मी होते," मी म्हणाले. "मला कळत होतं. इथे माझं ऐकलं गेलं नसतं, म्हणून बोलले नाही."

बाईंनी ते लिहून घेतलं. पेटी पुढे गेली. नोकरीही राहिली, कारण एवढ्या लोकांसमोर मला काढायची कोणाची छाती नव्हती.

आठवड्याने फाटकावर पाटी लागली, आवारात नारळ फोडायला मनाई. मला कोणी विचारलंसुद्धा नव्हतं. पण हमालांपासून चहावाल्यापर्यंत सगळे म्हणायला लागले, हिनेच नारळ बंद केला. जे ऐकावं लागू नये म्हणून मी तोंड शिवून उभी होते, तेच नेमकं माझ्या कपाळी आलं. मी काहीच बंद केलं नव्हतं. मी फक्त एक लेबल बदललं नव्हतं.

पुढचं मोठं मशीन आलं त्या दिवशी काका फाटकाबाहेर नारळ घेऊन उभे होते. आत जायला ते बिचकत होते, आपल्याच जमिनीवर. मला बघून म्हणाले, "बाय, तवाच सांगाचं व्हतंस ना. मी थांबलो असतो."

माझा इतक्या दिवसांचा राग तिथेच बाहेर पडला. "थांबला असता, काका? मी सांगितल्यावर? खरं सांगा."

त्यांनी नारळ या हातातून त्या हातात घेतला, पाटीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"न्हाय," ते म्हणाले.