आधीच फेडलेला नवस

देवीच्या अनुभवावर लिहिण्याचा माझा अधिकार नाही, हे मला ठाऊक आहे. घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच, आणि विषय असा की लिहिताना कान गरम होतात. आईनेच "लिही" म्हटले म्हणून धाडस करतो. काही कमीजास्त झाले तर वाचणाऱ्यांनी पदरात घ्यावे.

कॅन्सरमुळे आईचा एका बाजूचा स्तन काढावा लागला. तेव्हापासून ती ब्लाउजमध्ये त्या बाजूला माझा शाळेचा जुना मोजा गुंडाळून ठेवायची. जोडीचा दुसरा मोजा कपाटात एकटाच पडून असे. बसमध्ये धक्का लागला की मोजा सरके, आणि आई घरी पोचेपर्यंत पदर सावरत राही. डॉक्टरांनी नवा स्तन बसवता येतो असे सांगितले, तेव्हा आमच्या मरोदा वस्तीतल्या शेजारणी म्हणाल्या, या वयात कशाला. आई म्हणाली, "मले बसमध्ये दोन्ही हातानं दांडी धराची हाय."

डॉक्टरांनी हिंदी-इंग्रजीत सांगायचे आणि मी घरी येऊन मराठीत, असे ठरले. आधी छातीच्या स्नायूखाली रिकामी पिशवी ठेवतात, थोड्या थोड्या दिवसांनी सुईने तिच्यात सलाइन भरून कातडी सैल करतात, मग ती काढून सिलिकॉनचे इम्प्लांट बसवतात. पुढे भोवतीची जागा कडक होऊ शकते. जंतुसंसर्ग झाला तर इम्प्लांट काढावेही लागते. पहिल्यासारखा स्पर्श कळेलच असे नाही. हे सगळे मी आईला आणि मावशीला भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत सांगितले. बाबा पोलादाच्या प्लांटमध्ये क्रेन चालवतात. त्यांनी एवढेच विचारले, "आयुष्यभर चालन का?" काही वर्षांनी बदलावे लागू शकते, असे मी म्हणालो. "म्हंजे पुन्हा दुरुस्तीले शटडाऊन," असे म्हणून त्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला.

पिशवी भरून झाली, मग इम्प्लांटचे ऑपरेशनही नीट झाले. आई घरी आली, आणि मग एका सकाळी ताप भरला, टाक्यांभोवती लाली पसरली. पुन्हा दवाखाना, पुन्हा सलाइन. डॉक्टर म्हणाले, औषधाने लाली उतरली तर ठीक, नाहीतर इम्प्लांट काढू. आई बराच वेळ भिंतीकडे तोंड करून पडून होती. मग हळूच म्हणाली, "तो मोजा कपाटात हाय. येताना घेऊन येजो." तिने आशा सोडली, हे मला तेव्हा कळले. मोजा मी खिशात ठेवला, पण तिला द्यायला हात होईना.

मावशीने नवस बोलला होता. आमच्याकडे डोळा बरा झाला तर देवीला चांदीचा डोळा वाहतात, पाय बरा झाला तर पाय. इथेही त्याच रीतीने जे वाहायचे ते करून आणायची जबाबदारी माझ्यावर आली. खुर्सीपारच्या सोनाराने पुढे थाळी ठेवली. तिच्यात डोळे, हात, पावले, पाळणे, सगळे होते. मी म्हणालो, छाती. त्याने विचारले, "आदमी की या औरत की?" मग विचारले, डावी की उजवी. मग विचारले, केवढी. कॉलेजात माझी इतकी अवघड तोंडी परीक्षा अजून झालेली नाही.

नवस केव्हा फेडायचा, हे मात्र मी विचारले नाही. फी भरल्याशिवाय कॉलेजात नाव लागत नाही, तसेच हेही असेल असे धरून मी दुसऱ्या दिवशी थेट डोंगरावरच्या देवीला ते वाहिले आणि देवळाबाहेर येऊन अभिमानाने मावशीला फोन केला. "अबे, काम व्हायच्या आधीच वाहून आला? आता देवीले कायची घाई हाय?"

मी पुजाऱ्याकडे परत गेलो आणि दोन दिवसांपुरते परत मिळेल का, असे विचारले. "चढ़ा हुआ वापस नहीं होता," म्हणत त्यांनी मला पुढे सरकायला सांगितले.

पायरीवर बसून मी रडत होतो. शेजारी एक म्हातारी नारळ फोडत होती. काय झाले म्हणून तिने विचारले, तसे मी सगळे सांगून टाकले. ती इतकी हसली की तिचा नारळ हातातून घरंगळत दोन पायऱ्या खाली गेला. तो आणून दिल्यावर तिने मला एक तुकडा दिला आणि म्हणाली, "हाथ खाली होगे न? त अब जोड़ ले."

रिकामे झालेले हात मी जोडले. आजवर देवीपुढे उभा राहिलो तो काहीतरी कबूल करूनच. पास कर, नारळ देतो. आता कबूल करायला काही उरले नव्हते, म्हणून मागणेही सुचेना. नुसता बसून राहिलो, आणि बऱ्याच दिवसांनी श्वास पूर्ण आत गेला. पुढे जे झाले ते औषधाने की देवीने, हे ठरवणारा मी कोण? मी दोघांनाही नमस्कार करतो, आणि त्या म्हातारीलाही. सौदा संपल्यावर जे उरते त्यालाच शरण जाणे म्हणत असावेत, एवढेच मला उमगले.

डोंगर उतरताना फोन वाजला. आईच होती.

"लाली उतरून राह्यली. डॉक्टर म्हणते, राहू द्या आतच," ती म्हणाली. "अन् आयक, तो मोजा आणू नको. दोन्ही घाल अन् कॉलेजात जाय."