पहिल्या नंबराची नोट

माझं काम स्क्रीनचे नकाशे काढायचं. अ‍ॅपमधलं कुठलं बटण दाबलं की कुठली स्क्रीन उघडेल, ते चौकोन आणि बाण काढून दाखवायचं आणि चौकोनाशेजारी पिवळ्या नोट्स लावायच्या. कंपनी पुण्यात, मी वाशीमला. त्यामुळे माझी अर्धी अक्कल त्या नोट्समधूनच पुण्याला पोचते.

गावी, इंझोरीत, बाबांचा हडंबा आहे, म्हणजे सोयाबीनचं मळणीयंत्र. हंगामात तो आधी कुणाच्या शेतात जाणार, या नंबरावरून रोज कटकट. एका वर्षी गावातल्या दोघांनी बाबांशी बोलणं टाकलं, तेव्हा मी ठरवलं, यांना अ‍ॅपच करून द्यायचं. प्रोग्राम लिहायला पुण्यातली मैत्रीण तयार झाली. तिची अट एकच : नोटमध्ये असेल तेवढंच करणार. बाबांचीही एकच : "मले पटलं तरच वापरीन."

सहा स्क्रीन, पाच बाण. आधी नाव नोंदवेल त्याचा आधी नंबर. स्वतःवर भलतीच खूश होऊन मी इंझोरीला गेले आणि ओसरीवर बाबांपुढे लॅपटॉप ठेवला. चौकोनांकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. चष्मा चढवून फक्त नोट्स वाचल्या.

"हे काय लिहून राह्यली? आधी नाव त्याचा आधी नंबर? मंग मी हडंबा घेऊन गावभर फिरू काय? धुऱ्याले धुरा लागून ज्याचं वावर, त्याचा नंबर."

बांधाला बांध लागून शेत, त्याचा पुढचा नंबर. लावली नोट.

"ज्याच्या घरी मयत झाली, त्याले नंबर नाही विचारत कोणी."

लावली.

"आभाळ आलं, तर ज्याची गंजी उघडी, तो आधी."

"कापलेल्या सोयाबीनची गंजी उघडी आहे की झाकलेली, हे अ‍ॅपला कसं कळणार, बाबा?"

"कायले अ‍ॅपले? मले फोन करते ना लोकं."

तासाभरात नकाशा इतका पिवळा झाला की चौकोन शोधावे लागले. मी चिडले होते. त्यांचं प्रत्येक म्हणणं बरोबर निघत होतं, त्याचा राग जास्त.

लॅपटॉप मिटायला लागले तर म्हणाले, "एक राह्यलं."

नाल्यापलीकडची मावशी एकटी तीन एकर करते. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. हंगामातला पहिला नंबर तिचा, हे बाबांनी आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं.

"पण तिले समजू देऊ नको. ते बाई कोनाचे उपकार घेत नाही. मी दरसाल म्हणतो, हडंबा इकडून चाललाच होता. हे जमत नसन, तर तुह्यं अ‍ॅप तुलेच ठेव."

मी लिहिलं : पहिला नंबर मावशीचा. तिला कळू द्यायचं नाही.

पुण्याहून लगेच उत्तर आलं, "कळू द्यायचं नाही, तर तिच्या स्क्रीनवर दाखवू काय?"

मी बाबांना विचारलं. त्यांनी क्षणभरही विचार केला नाही. "लिही. हडंबा तुमच्या वावराजवळूनच चालला आहे, येऊ काय?" खाली दोन बटणं : या आणि नको.

सोयाबीन निघायला लागलं तसा माझा जीव टांगणीला लागला. मावशीला संशय येऊन तिने 'नको' दाबलं, तर बाबांचं इतक्या वर्षांचं गुपित माझ्यामुळे फुटणार होतं. पहिल्याच सकाळी तिने 'या' दाबलं. बाबा इतके खूश झाले की मला फोन करून 'चांगलं जमलं' म्हणाले. हे त्यांच्या तोंडून मी क्वचितच ऐकलंय.

संध्याकाळी मावशीचा फोन आला.

"काहो माय, तुह्या बापाचा हडंबा दरसाल माह्याच वावराजवळून कसा जाते? नाल्यापलीकडं तर माह्या वावराबिगर काहीच नाही." ती हसत होती. "मले पयल्या सालापासून समजते. पण त्याले सांगू नको. बिचारा लय मन लावून खोटं बोलते."

मी बरं म्हटलं आणि फोन ठेवला. लॅपटॉप समोर उघडाच होता, मावशीच्या चौकोनाशेजारी थोडी जागाही होती. ही नोट मी लावली नाही.