पुलावरची अदलाबदल

समस्त मराठीजनांस अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की, शंभर वर्षांपूर्वीच्या आयरिश यादवी युद्धात मी गेल्या रविवारी कैद झालो.

आयर्लंडमधल्या किलकेनीजवळच्या आमच्या गावाने त्या युद्धातल्या कैद्यांच्या अदलाबदलीचं नाटक थेट नदीवरच्या पुलावर बसवलं होतं. सरकारी सैनिक कमी पडले, म्हणून औषध कारखान्यातला मी गणवेशात शिरलो आणि बंडखोरांचा कैदी झालो. पलीकडच्या टोकाला, सरकारच्या ताब्यातला बंडखोर म्हणून उभे होते माझे शेजारी, ऐंशी ओलांडलेले आजोबा. त्यांच्या काकांची अशीच अदलाबदल ठरली होती. ऐनवेळी ती फिसकटली आणि काका तुरुंगातच वारले. "तो जेवढं चालला नाही, तेवढं मला चालायचंय," असं म्हणून आजोबांनी काठी मुद्दाम घरी ठेवली होती.

शिट्टी झाली. मी छाती काढून, भलत्याच रुबाबात निघालो. पुलाच्या मध्यावर आजोबांचा गुडघा लटपटला. मी काही विचार न करता त्यांचा दंड धरला, वळलो आणि सावकाश त्यांना त्यांच्या माणसांत नेऊन पोचवलं. त्यांचे डोळे भरून आले होते.

मग लक्षात आलं, की मी पुन्हा शत्रूच्याच ताब्यात उभा आहे. पलीकडे सरकारी कप्तान माझ्या स्वागताला हात पुढे करून तसाच थांबलेला. तेवढ्यात काठावरून, नागपूरहून आलेल्या माझ्या सासूबाई खणखणीत आवाजात म्हणाल्या,

"राहू द्या जावयाले तिकडेच. आजोबा पोचले नं."