महंमद हनीफचं नाक आणि रंध्याचा भुसा

महंमद हनीफच्या नाकाला वारूळवाडीत आणि आसपासच्या गावांत जो मान होता, तो त्याच्या बाकीच्या शरीराला नव्हता. बाकीचं शरीर अठ्ठावन्न वर्षांचं, किडकिडीत, उजव्या हाताचं एक बोट अर्धं. पण नाक म्हणजे कोर्ट होतं. लोक लाकूड विकत घेत आणि घरी नेण्याआधी हनीफच्या पत्र्याच्या कारखान्यात आणत. हनीफ पटाशीनं एक ढलपी काढायचा, तळहातावर चोळायचा, डोळे मिटून हुंगायचा आणि सांगायचा, "सागवान हाय. पण ओलं कापलंय." किंवा, "ऐन हाय. सागवान दिसावं म्हनून तेल पाजलंय." यावर अपील नव्हतं. मारुतीच्या देवळाचं दार आणि मशिदीची कपाटं दोन्ही याच नाकाखालून गेली होती, आणि वरून दोन्हीकडून तक्रार आली नव्हती.

असं नाक एका दिवसात जात नाही. तीस वर्षं हनीफनं रंधा मशीन चालवलं. फळी एका बाजूनं आत, दुसऱ्या बाजूनं गुळगुळीत बाहेर, आणि मध्ये जे सोललं जाई ते हवेत. जाड भुसा खाली पडायचा, बारीक भुकटी उडायची आणि तिला कुठं जायची घाई नसायची. ती चहावर बसायची, पापण्यांवर बसायची, कॅलेंडरातल्या काबाशरीफवर बसायची. दोन वर्षांपूर्वी एकदा हनीफनं शिसवाची ढलपी नाकाला लावली आणि आत काहीच घडलं नाही. रिकाम्या घराची कडी वाजवल्यासारखं.

त्यानं हे कुणाला सांगितलं नाही, बायकोलाही नाही. नवी पद्धत काढली. ढलपी नाकाला लावायची, डोळे पूर्ण मिटायचे नाहीत आणि फटीतून गिऱ्हाइकाचं तोंड बघायचं. तोंडावर निर्धास्तपणा असला तर लाकूड खरं, भीती असली तर खोटं. अडचण एवढीच की निर्धास्त माणूस हुंगवायला येतच नाही. येणारा प्रत्येकजण घाबरलेला. शेवटी हनीफला समजलं की लोक लाकूड हुंगवायला नाही, 'सागवान' हा शब्द ऐकायला येतात. तो शब्द त्यानं सढळ हातानं वाटला. दोन वर्षांत जुन्नर तालुक्यात इतकं सागवान झालं की वनखात्याला कळलं असतं तर त्यांनी नारळ आणि शाल दिली असती.

मार्चमध्ये एका दुपारी हे सगळं संपलं. शेजारच्या गच्चीवर साळुबाई सांडगे वाळत घालत होती. ती कठड्यावरून ओरडली, "अवो हनीफभाऊ, काय जळतंय?"

"कुठं काय जळतंय?"

"कुठं काय? आख्ख्या वारूळवाडीला वास आला! तुमचं नाक काय गहाण ठिवलंय?"

हनीफनं मागं वळून पाहिलं. रंध्याची मोटार हातभर अंतरावर जळत होती. काळा धूर त्याच्या टोपीला वळसा घालून वर चालला होता. संध्याकाळपर्यंत बातमी नारायणगावच्या बाजारात पोचली. मोटार तीन दिवसांत नवी तार भरून आली. नाक भरून देणारं दुकान कुणाला माहीत नव्हतं.

नारायणगावच्या डॉक्टरांनी बॅटरी मारून आत पाहिलं. "आतही सुतारकाम चाललंय," ते म्हणाले. सूज होती. नाक कदाचित मेलेलं नव्हतं, गाडलं गेलं होतं. औषध नाकात मारायचं आणि भुकटीपासून दूर राहायचं. दोनतीन महिन्यांत वास परत येईल, नाहीतर येणार नाही.

"दूर म्हणजे किती फूट?" हनीफनं विचारलं.

हनीफ कारखान्यात परतला, तेवढ्यात बोरी बुद्रुकचा दादाभाऊ येऊन बसला. शाळेपासूनचा मित्र, द्राक्षाचा बागायतदार. त्याच्या नव्या बंगल्याच्या मुख्य दाराच्या चौकटीचं लाकूड आठ दिवसांपासून हनीफच्या भिंतीला टेकून उभं होतं.

"तू वास घेतल्याबिगर मी चौकट उभी करनार न्हाई," दादाभाऊ म्हणाला.

"दुसऱ्याला दाखव की लेका."

"मेहुण्याकडून घेतलंय. बाहेरच्याला दाखवलं तर घरात आग लागंल. तू म्हनलास सागवान, तर सागवान. न्हाई म्हनलास, तर मी बघतो त्याच्याकडं."

"आरं, पण नाक गेलंय."

"मग आन. दाराला द्राक्षाची जाळी बांधलीय. बायको म्हनती, बिबट्या आला तर जाळी वर करून आत घ्यायचा का?"

अशा रीतीनं एका बंगल्याचं दार एका नाकावर अडलं, आणि नाक भुकटीवर. हनीफनं ठरवलं, रंध्याच्या तोंडाशीच भुसा ओढून घेणारं काहीतरी बसवायचं.

पहिला उपाय सगळ्यांना सुचतो तो. भिंतीत भोक पाडून पंखा. पंख्यानं कारखान्यातली भुकटी इमानदारीनं बाहेर काढली आणि साळुबाईच्या सांडग्यांवर नेऊन ठेवली. साळुबाईनं एक सांडगा तळून हनीफच्या हातावर ठेवला. "खावा. बाभळीची चव हाय." पंखा त्याच दिवशी उतरला.

मग पुण्याहून एक विक्रेता मशीन घेऊन आला. चाकांवरची मोटार, वर एक कापडी पिशवी, खाली एक. चालू केलं की वरची पिशवी पुढाऱ्यासारखी फुगायची. रंध्यानं फेकलेला सगळा जाड भुसा तिनं गिळला. विक्रेता म्हणाला, "काका, नव्याण्णव टक्के पकडते."

हनीफ बारा वाजायची वाट बघत बसला. पत्र्याला एक खिळ्याचं भोक होतं. बाराला त्यातून उन्हाची एक सळई थेट जमिनीत उतरायची. सळई उतरली. पिशवीच्या कापडातून गाळून आलेली भुकटी तिच्यात सावकाश नाचत होती, वरातीत नाचतात तशी, घरी जायचा विचार नसलेली.

"हे काय?" हनीफ म्हणाला.

"काका, तो एक टक्का. तो तर दिसतसुद्धा नाही."

"म्हनूनच नाकात जातो."

जाड ते सापडतं आणि बारीक सुटतं. सरकारी कारवाईच्या बरोब्बर उलट. मशीन पुण्याला परत गेलं.

दादाभाऊला आता धीर नव्हता. बागेवर करप्याचं औषध फवारायचा त्याचा जुना ब्लोअर शेडमध्ये पडून होता. ट्रॅक्टरमागं लावायचा, मोठ्या पात्यांचा. "त्यो वारा फेकतो," दादाभाऊ म्हणाला. "उलटा फिरवला की वढंल. साधा हिशेब हाय." त्यांनी पंखा खोलून आणला, थ्री फेजच्या मोटारीला जोडला, पुढं चार इंची पाईप लावून त्याचं तोंड रंध्यावर धरलं. हनीफ पाईपमध्ये वाकून बघत होता. दादाभाऊनं बटण दाबलं.

फेज उलटे लागले होते, म्हणजे मोटार सुलटीच फिरली. ओढायच्या ऐवजी पंखा जन्मभर जे करत आला तेच त्यानं केलं. पात्यांवर आणि डब्याच्या आत वाळून बसलेलं दहा वर्षांचं मोरचूद आणि चुना एका श्वासात बाहेर आला. हनीफ पांढऱ्या दाढीसकट निळा झाला.

जन्नतबी, हनीफची बायको, चहा घेऊन दारात आली. "आता करपा येणार न्हाई तुमच्यावर," ती म्हणाली आणि चहा घेऊन परत गेली.

फेज बदलले. आता पंखा ओढू लागला, म्हणजे आवाज ओढण्याचा होता. त्याच्यासमोर हात धरला तर बाही हलायची, पण पाईपच्या टोकाशी भुशाचं एक कुसळही उठेना. अशा पंख्याला मोकळं रान लागतं. बारीक नळीत ओढायचा जोर त्याच्यात नव्हता.

हा सगळा तमाशा साळुबाई गच्चीवरून बघत होती. ती खाली आली ती हातात सूप घेऊनच. सुपात गहू होते.

"तुमी दोघं पंख्याच्या मागं लागलाय," ती म्हणाली. "आदी निवडायचं बघा की. हे पाखडनं." तिनं सूप झटकलं, फोलपटं उडून हनीफच्या निळ्या दाढीत गेली. "हे उडवनं झालं. तुमी एवढंच करताय. आन हे घोळनं." तिनं सूप गोल गोल फिरवलं. जड खडे कडेला गोळा झाले, गहू मधे राहिले. "गोल फिरवलं की जड आपोआप बाजूला पडतंय. मग हलकं काय उरलं तेवढं बांधून टाकायचं. आन माझ्या गच्चीकडं तोंड करायचं न्हाई."

हनीफ सुपाकडं बघत राहिला. तीस वर्षं तो फळ्या बघत आला होता, सूप त्यानं पहिल्यांदा पाहिलं.

पंखाही साळुबाईच्याच गोठ्यामागं निघाला. मोडीत काढायच्या मळणी यंत्राचा. पत्र्याच्या गोल पोटात आडवी पाती, मधून ओढून कडेनं फेकणारा. आयुष्यभर त्यानं भुसकटच खाल्लं होतं, त्यामुळं लाकडाचा भुसा म्हणजे त्याला सणवार. हनीफनं स्वतः पत्रा कापून खाली निमुळतं होत जाणारं पिंप बनवलं. रंध्याच्या तोंडाला नीट बसणारं झाकण केलं. बोरीच्या शेतात पडलेला सहा इंची पाईप आणला, आणि वळण एकच ठेवलं, कारण प्रत्येक वळणाला हवा दमते. भुसा पिंपात कडेनं शिरायचा, घोळल्यासारखा गरगर फिरायचा, जड ते खालच्या डब्यात. उरलेली भुकटी पंख्यातून मागच्या भिंतीबाहेर, ओढ्याच्या बाजूला, पुरुषभर उंचीच्या जाड, दाट फेल्ट कापडाच्या पिशवीत. डब्यातला जाड भुसा साळुबाईच्या गाईखाली जायचा, ही तिची अट.

बारा वाजता उन्हाची सळई उतरली. तिच्यात काही नव्हतं. हनीफला ती ओळखू आली नाही.

मग वाट बघणं सुरू झालं. जन्नतबी रोज सकाळी त्याला डोळे मिटायला लावून नाकाखाली काहीतरी धरायची.

"क्या है?"

"अत्तर."

"फिनाईल है जी."

लसूण, मेथी, राकेल, दादाभाऊची टोपी. हनीफ चुकत राहिला. एप्रिल गेला, मे गेला. दादाभाऊ दर बाजारी येऊन भिंतीला टेकलेल्या लाकडाकडं बघायचा, मग हनीफच्या नाकाकडं, आणि विचारायचा नाही. ते विचारण्यापेक्षा वाईट होतं.

जूनमध्ये एका सकाळी हनीफनं कारखान्याचं दार उघडलं आणि उंबऱ्यातच थांबला. "जन्नत! काय मेलंय?"

जन्नतबी धावत आली. फळ्यांच्या मागं, पार कोपऱ्यात उंदीर सडत होता. हनीफ त्याच्यापाशी उकिडवा बसला, दीर्घ श्वास घेतला, पुन्हा घेतला. बायकोला म्हणाला, "उचलू नको. थोडं बसू दे."

दुपारी दादाभाऊ आला. हनीफनं चौकटीच्या लाकडाची ढलपी काढली, तळहातावर चोळली, नाकाला लावली. यावेळी डोळे पूर्ण मिटले. दादाभाऊचं तोंड बघितलं नाही.

त्यानं ढलपी नखानं खरवडून पुन्हा हुंगली.

"सागवान न्हाई," हनीफ म्हणाला.

"नीट घे."

"घेतला. रंग दिलाय. आत ना सागवान, ना ऐन, नुसतं लाकूड हाय."

दादाभाऊ खाली बसला. मेहुणा, बायको, जाळी, बिबट्या, सगळं त्याच्या चेहऱ्यावरून ओळीनं चालत गेलं. मग त्याला काहीतरी आठवलं. त्यानं हळूच विचारलं, "आन माझ्या देवघराचं? गेल्या साली तूच हुंगलंवतंस."

हनीफनं ढलपी खाली टाकली. "तुझ्याकडं बघून सांगितलंवतं."

"माझ्याकडं बघून?"

"लई घाबरलावतास."

दादाभाऊ उठला, चौकटीचं एक टोक खांद्यावर घेतलं आणि हनीफला दुसरं उचलायची खूण केली. टेम्पोपर्यंत दोघं एकामागं एक चालले. लाकूड आत सरकवून झाल्यावर दादाभाऊ हात झटकत म्हणाला, "नाक नव्हतं तवा लई चांगला मानूस व्हतास रं, हनीफ."

हनीफ परत आला. दारात आणखी दोघं थांबले होते, काखेत फळ्या घेऊन, चेहरे घाबरलेले. त्यानं आधी पंखा चालू केला, मग रंधा, आणि त्या आवाजात नाकावर बोट ठेवून त्यांना हातानंच विचारलं: नक्की?